मधोमध लिहिलेलं पोस्टकार्ड

मिनल काकडे यांनी खुर्चीत बसण्याआधीच पर्समधून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलं, तेवढं मला शोधून द्या. बाकी मी बघून घेईन."

सकाळचे नऊच वाजले होते, तरी नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात एप्रिलचं ऊन पडद्याआडून आत आलं होतं. वंदना ढोके यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मग कागद उचलला. धंतोलीतल्या एका रुग्णालयात बारा वर्षं वॉर्ड सिस्टर म्हणून काढल्यावर त्यांनी ही तपाससंस्था उघडली होती. माणूस काय बोलतो ते त्या ऐकत, पण त्याआधी माणसाकडे पाहत. ती रुग्णालयातली सवय होती.

शेजारच्या टेबलावर शालिकराम कोहळे चष्मा पुसत होते. पोलिसात हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालेले, अंगानं जाड, मनानं साफ. वंदनाताईंच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना नेहमी शेवटी कळे, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे.

कागद म्हणजे एका पोस्टकार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स होती. पत्ता जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाचा. टपालाचा शिक्का धंतोलीचा, सहा एप्रिलचा. मजकूर पाच ओळींचा होता.

विसावा, हुडकेश्वर.
प्रयागबाईले दुपारी पलंगाले बांधते.
प्यायले पाणी देत नाही.
तिले सांगता येत नाही.
लवकर या.

"विसावा म्हणजे माझं निवासी केंद्र," मिनलबाई म्हणाल्या. "ज्यांचं घरी करणारं कुणी नाही अशा वृद्धांसाठी. सध्या तिघं आहेत. प्रयागबाईंना विस्मरणाचा आजार आहे. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. उद्या हे त्याच्या कानावर गेलं तर?"

शालिकरामांनी झेरॉक्स हातात घेतली. "अक्षर झकास हाय मॅडम. छापल्यावानी. अन् पाहा ना, हरेक ओळ कशी मधोमध, दोन्हीकडे सारखी जागा. लग्नाच्या पत्रिकेत राहते तसं! शाई तेवढी फिसकटली हाय. सगळी उजवीकडेच."

"चौकशी झाली का?" वंदनाताईंनी विचारलं.

"झाली ना. समाजकल्याणचे गजभिये साहेब आले होते, पंधरा तारखेला सकाळी अकराला. आदल्या दिवशी फोन करून आले. त्यांना काहीही सापडलं नाही. कार्ड त्यांनीच दाखवलं, मी झेरॉक्स काढून घेतली."

"पत्रात दुपारी असं लिहिलंय."

"सकाळ काय आणि दुपार काय! माझ्या केंद्रात असं होत नाही."

वंदनाताईंनी शालिकरामांकडून झेरॉक्स परत घेतली. "काम घेते. एक अट आहे. पत्र खोटं ठरलं, तर लिहिणाऱ्याचं नाव तुम्हाला देईन. खरं ठरलं, तर नाव मागायचं नाही."

"खरं ठरणारच नाही," मिनलबाई ठामपणे म्हणाल्या. "कबूल."

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हे वंदनाताईंनी मनाशी नोंदवलं.

*

साडेदहाला तिघं हुडकेश्वरला पोहोचले. फाटकाची लोखंडी कडी उघडताना असा आवाज झाला, की शेजारच्या घराच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

"यमुताई," मिनलबाई हळूच म्हणाल्या. "निवृत्त मास्तरीण. आमच्या टीव्हीच्या आवाजावरून सारखी तक्रार. माझा पहिला संशय त्यांच्यावरच आहे. दुसरा काजलवर, म्हणजे आमच्या मदतनीस बाईवर. मागच्या महिन्यात मी तिला रागावले होते."

हॉल स्वच्छ होता. खिडकीपाशी, आतल्या खोलीचं उघडं दार समोर दिसेल अशा जागी, चाकाच्या खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवरच्या पातळ चादरीवर निर्जीव पडलेला, तोंड किंचित वाकडं. समोरच्या भिंतीवर चौकटीत एक फलक होता: तक्रार असल्यास समाजकल्याण कार्यालयाचा पत्ता आणि ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर. खुर्चीच्या डाव्या हाताशी एक छोटं टेबल. त्यावर भेटीला येणाऱ्यांची वही, तिला दोऱ्यानं बांधलेलं निळं जेल पेन आणि कोऱ्या पोस्टकार्डांची चळत.

"तो फलक?" वंदनाताईंनी विचारलं.

"परवानगी घेताना मीच लावला. लपवण्यासारखं काही असतं तर लावला असता का?" मिनलबाई म्हणाल्या. "हे रुपराव नारनवरे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. वाचा गेली. काही कळत नाही हो त्यांना आता."

शालिकरामांनी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची ओढली. त्याबरोबर रुपरावांनी डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. एकदा, मग जोरात दुसऱ्यांदा. शालिकराम त्यांच्याकडे बघून हसले आणि बसले. खुर्चीचा मागचा पाय कडकन मोडला आणि शालिकराम जमिनीवर आले.

"अरे बापा! किती दिवसांची मोडलेली हाय ही?"

"सुतार येणार होता," मिनलबाई ओशाळून म्हणाल्या.

वंदनाताई शालिकरामांना हात देत होत्या, पण त्यांची नजर रुपरावांवर होती. टेबलाखालच्या कप्प्यात त्यांच्या उपचारांची फाइल होती. ती त्यांनी काढून चाळली. एका पानावर थांबल्या, पुन्हा वाचलं, आणि फाइल जागेवर ठेवली.

आतल्या खोलीतून गोड आवाज आला. "या ना मॅडम! आमच्या प्रयाग आजीला भेटा."

पिंकी ही इथली परिचारिका. तिशीची, हसरी, स्वच्छ गणवेशातली. तिच्या पलीकडे पलंगावर प्रयागबाई बसल्या होत्या, धुतलेलं पातळ, विंचरलेले केस. मनगटांवर जाड पांढरी पावडर.

"घामोळ्या हो," पिंकी म्हणाली. "नागपूरचा उन्हाळा. आजी, पाहुणे आले. हसा बरं!"

प्रयागबाई हसल्या. ओठांना भेगा होत्या. वंदनाताईंनी जवळ जाऊन हात हातात घेतला, मान पाहिली, पाठीवरून हात फिरवला. मान आणि पाठ दोन्ही स्वच्छ होत्या.

"जीभ दाखवता, आजी?"

जीभ कोरडी होती. उशाशी पाण्याचा तांब्या होता. त्यावर पेला पालथा घातलेला, आणि पेल्यावर धूळ.

शालिकराम भिंतीवरचा तक्ता कौतुकानं वाचत होते. "वा! किती टापटीप. दर दोन तासांनी पाणी दिल्याची खूण. आठ, दहा, बारा, दोन, चार. सगळ्या घरांत बरोबरचं चिन्ह." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा झाले होते. "आमच्या ठाण्यात अशी कामं झाली असती तर!"

पलंगाच्या दोन्ही कठड्यांना पांढरा रंग होता. फक्त मध्यावर, दोन्हीकडे अगदी समोरासमोर, बोटभर पट्टीत तो घासून गेला होता आणि खालचं लोखंड चमकत होतं.

खिडकीत कूलर घुमत होता. "लाईन गेली तर कसं करता?" वंदनाताईंनी सहज विचारलं.

"इन्व्हर्टर आहे," मिनलबाई म्हणाल्या. "दिवे अन् पंखे चालतात. कूलर नाही चालत त्याच्यावर."

*

एकेकाला विचारायला वंदनाताईंनी हॉलच्या मागची छोटी खोली घेतली. पहिली काजल आली. बांधा काटक, बोलणं फटकळ.

"मी सकाळी सहाले येतो, एकले जातो, पाचले परत येतो. घरी पोट्टे आहेत, त्यायचं कोण करन? पत्र मी नाई लिहिलं. लिहायचं असतं तर तोंडावरच बोलली असती."

"लिहिता येतं ना?"

"येते ना. मीराबाईची बहीण राह्यते वर्ध्याले. मीराबाईले दिसत नाही, म्हणून त्यायच्या नावानं महिन्याले एक कार्ड मीच लिहितो. हे पाहा, कालचंच हाय, टाकाचं राह्यलं." तिनं कार्ड पुढे केलं. ओळी अगदी डाव्या कडेपासून सुरू होऊन उजवीकडे वर चढत गेल्या होत्या. "कार्डं त्या टेबलावरच राह्यतात. मागच्या वेळी दहा आणली होती. परवा पाह्यलं तर एक कमी."

"प्रयागबाईंची तब्येत कशी वाटते?"

काजलचा चेहरा बदलला. "ताई, मी पाचले येतो ना, तवा ते माय तीन गिलास पाणी एका दमात पिते. तीन! मी पिंकी सिस्टरले म्हटलं, काहून वं असं? तर म्हणते, तुले काय कळते, हा आजारच तसा हाय. मग मी चूप बसली. मी सातवी शिकलेली. ते नर्स."

"रुपरावांना दवाखान्यात कोण नेतं?"

"मीच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, धंतोलीले. त्यायले फाटकापाशी सावलीत बसवतो अन् मेडिकलमधून गोळ्या घेऊन येतो. दहा मिनिटं लागते." ती थोडी हसली. "पेंटर होते ते. महाल भागात अर्ध्या दुकानांचे बोर्ड त्यायनंच रंगवले, असं त्यायची पोरगी सांगते."

मीराबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. दृष्टी गेल्याला दहा वर्षं झाली होती. वंदनाताई त्यांच्याच खोलीत जाऊन बसल्या.

"दुपारी काय करता, आजी?"

"आयकतो. दुसरं काय?" मीराबाई म्हणाल्या. "मिनल एकले घरी जेवाले जाते, काजल जाते. मंग थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजते. मंग घरात कोणाच्या पायाचा आवाज नाही. हाका मारल्या तरी कोणी येत नाही, भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके तेवढे मोजतो. चारले दहा-पंधरा मिनिटं राह्यली की कडी पुन्हा वाजते."

"रोज?"

"रविवार सोडून."

शालिकरामांनी वहीत लिहिलं: 'मीराबाई – उपयोगी नाही. दिसत नाही.'

यमुताईंनी शेजारच्या घरात दोघांना सरबत दिलं आणि प्रश्नाची वाट न पाहता सुरुवात केली.

"मी टीव्हीची तक्रार कधीच केली नाही. मी म्हटलं होतं, दुपारी तुमच्याकडून कुणाच्या तरी ओरडण्याचा आवाज येतो. 'सोड वं माय, सोड,' असा. मिनल म्हणाली, टीव्ही असेल. दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाली, तुम्हाला त्रास होत असेल तर खिडकी लावून घ्या."

"शेवटचं कधी ऐकलंत?"

"कालच. बुधवारी. दुरुस्तीसाठी दोन ते साडेतीन आमच्या या अख्ख्या गल्लीची वीज बंद होती. कूलरची घरघर नाही, म्हणून शब्द न् शब्द आला."

"मग पत्र तुम्ही लिहिलंत?"

यमुताई ताठ बसल्या. "मी लिहिलं असतं, तर 'प्रयागबाईले' लिहिलं नसतं, 'प्रयागबाईंना' लिहिलं असतं. आणि खाली सही केली असती. खरं सांगू? लिहायला हवं होतं. भांडखोर म्हणून नाव पडलंय, ते आणखी पक्कं होईल म्हणून राहून गेलं."

शेवटी पिंकी आली.

"दुपारी एक ते चार मी एकटीच असते, मॅडम. तिघांचंही करते. कंटाळा म्हणून नाही."

"कालही इथंच होतात?"

"म्हणजे काय! अख्खी दुपार प्रयाग आजीच्या उशाशी बसले होते. कूलरच्या गार हवेत अशी छान झोप लागली त्यांना, चारलाच उठल्या."

"पत्र कुणी लिहिलं असेल?"

पिंकीनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मी नाव नाही घेत कुणाचं. पण काजलला मॅडम रागावल्या होत्या ना..."

"पुरे. आमचं काम झालं," वंदनाताई मोठ्यानं म्हणाल्या. "मिनलताई, अहवाल सोमवारी देते."

निघताना त्या रुपरावांच्या खुर्चीशी वाकल्या आणि त्यांच्याच कानापुरतं बोलल्या. "काकाजी, मी आज दुपारीच परत येते."

रुपरावांनी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं उघडले.

*

"म्हणजे काजलच," गाडीपाशी शालिकराम म्हणाले. "कार्डं तिच्या हाताशी. धंतोलीले तेच जाते. गुस्सा बी हाय."

"शालिकभाऊ, काजल एकला जाते आणि पाचला येते. दुपारी काय होतं ते तिला कसं दिसणार?"

"मंग?"

"आधी गजभिये साहेबांना फोन लावा. म्हणावं, या वेळी आधी न कळवता या."

दीड वाजता यमुताईंच्या खिडकीच्या पडद्यामागे पाच जण उभे होते: वंदनाताई, शालिकराम, यमुताई, घरून बोलावून आणलेल्या मिनलबाई आणि समाजकल्याण कार्यालयाचे पियुष गजभिये. पस्तिशीचे गजभिये घामानं डबडबले होते.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी फाटकाची कडी वाजली. पिंकी बाहेर आली. गणवेशावर तिनं ओढणी गुंडाळली होती. स्कूटी सुरू झाली आणि गल्लीच्या टोकाला वळली.

"औषध आणायला गेली असेल," मिनलबाई पुटपुटल्या. सगळे धावले.

मिनलबाईंनी किल्लीनं दार उघडलं. हॉलमध्ये रुपराव खिडकीशी बसले होते. त्यांनी डाव्या हातानं आतल्या खोलीकडे बोट केलं.

प्रयागबाई उताण्या पडल्या होत्या. दोन्ही मनगटं पट्ट्यांनी कठड्यांना बांधलेली. कठड्याचा रंग जिथे घासून गेला होता, बरोबर तिथेच. हात ओढल्यामुळे मनगटावरची पावडर निघून खालची तांबडी वळं दिसत होती. त्या छताकडे बघत हळू आवाजात म्हणत होत्या, "सोड वं माय, सोड."

गजभियेंनी आधी फोटो काढले. शालिकरामांनी गाठी सोडल्या. एवढा मोठा माणूस, पण बोटं फुलाला हात लावावा तशी चालत होती. वंदनाताईंनी पाणी चमच्यानं, सावकाश दिलं. मिनलबाई दाराशी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

*

चारला पंधरा मिनिटं कमी असताना कडी पुन्हा वाजली. पिंकी आत आली आणि हॉलमध्येच थबकली. सगळे तिथे होते. निरोप मिळताच आलेली काजल, मीराबाई, यमुताई, आणि रुपरावांच्या शेजारी, काजलचा हात धरून बसलेल्या प्रयागबाई. दाराशी ठाण्यातून आलेल्या दोन महिला पोलीस उभ्या होत्या.

"मी... मेडिकलपर्यंत गेले होते. पाच मिनिटं. आजी पडू नयेत म्हणून..."

"दोन तास दहा मिनिटं," वंदनाताई म्हणाल्या. "आणि रविवार सोडून रोज. मीराबाईंना दिसत नाही, म्हणून त्यांच्यापासून लपायची गरज तुला कधी वाटली नाही. पण त्यांनी फाटकाची कडी रोज ऐकली. एकदा जाताना, एकदा येताना. शालिकभाऊ, तुमच्या वहीत 'उपयोगी नाही' लिहिलंय, ते खोडा."

शालिकरामांनी निमूटपणे खोडलं.

"काल तू अख्खी दुपार आजींच्या उशाशी कूलरच्या हवेत बसली होतीस म्हणालीस. काल दोन ते साडेतीन या गल्लीत वीज नव्हती, आणि इथल्या इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही. तू घरात असतीस तर घामाघूम झाली असतीस, विसरली नसतीस. पाण्याच्या तक्त्यावर सकाळी सव्वाअकरालाच दुपारी चारपर्यंतच्या खुणा झालेल्या होत्या. शालिकभाऊंनी त्याचं कौतुकही केलं. पेल्यावर मात्र धूळ होती. पाणी दिलं तर गादी ओली होईल आणि परत आल्यावर धुवावी लागेल, म्हणून पाणीच बंद. आणि घामोळ्या! त्या मानेवर येतात, पाठीवर येतात. फक्त दोन मनगटांवर येणाऱ्या घामोळ्या मी बारा वर्षांत पाहिल्या नाहीत."

पिंकीचं हसू कधीच गेलं होतं. "दुसऱ्या क्लिनिकमध्ये दुपारची पाळी घेतली होती," ती म्हणाली. "आजी सारख्या उठतात. एकदा फाटकाबाहेर गेल्या होत्या. एकटीनं तिघांना कसं सांभाळायचं?"

"ते मिनलताईंना सांगायचं होतं. आणखी एक माणूस मागायचा होता. त्याऐवजी तू पट्टी घेतलीस."

पोलीस तिला घेऊन शेजारच्या खोलीत जबाबासाठी गेल्या.

मग मिनलबाई म्हणाल्या, "तुमची अट मी मोडणार नाही, नाव विचारणार नाही. पण यमुताईंनी मला दोनदा सांगितलं. काजलला शंका आली होती. आणि मी काय करत होते? ज्यानं मला जागं केलं, त्यालाच शोधत होते." त्यांनी हात जोडले. "तो जो कुणी असेल त्याचे पाय धरून..."

टक्. टक्.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रुपरावांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर पडला होता. मग तो हात वर उचलला गेला आणि स्वतःच्या छातीवर टेकला.

"काय म्हणतात ते?" गजभियेंनी विचारलं.

"म्हणतात, मी लिहिलं," वंदनाताई म्हणाल्या. "नाव सांगायचा हक्क त्यांचा होता. त्यांनी सांगितलं. काकाजी, आता बाकीचं मी सांगू?"

रुपरावांनी मान हलवली. ती अर्धीच हलली, पण होकार स्पष्ट होता.

"पत्र लिहिणारा दुपारी घरात असणारा हवा," वंदनाताई सांगू लागल्या. "मिनलताई, काजल, यमुताई तिथेच गळल्या. मीराबाईंना दिसत नाही. प्रयागबाईंना जमणार नाही. पिंकी स्वतःविरुद्ध लिहिणार नाही. उरलं कोण? पण सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, की यांना काही कळत नाही. सकाळी शालिकभाऊ मोडक्या खुर्चीवर बसले. काकाजींनी थाप मारली ती ते पडल्यावर नाही, बसण्याच्या आधी. ते सावध करत होते."

"अन् मी हसलो!" शालिकरामांनी कपाळाला हात लावला.

"फाइलमध्ये डॉक्टरांनी साफ लिहिलंय. जिभेचे स्नायू गेले, समज आणि भाषा शाबूत. दोन वर्षांत ते पान कुणी वाचलं नाही. आता कार्ड बघा. शाई उजवीकडे फिसकटली आहे. डाव्या हातानं लिहिलं, की तो हात ताज्या अक्षरांवरून पुढे सरकतो. काकाजींचा उजवा हात गेलाय. आणि प्रत्येक ओळ मधोमध, दोन्हीकडे सारखी जागा सोडून. आपण डाव्या कडेपासून लिहितो, काजलच्या कार्डासारखं. ओळ किती लांब होईल ते आधी मनात मोजून, मधोमध बसवून लिहितो तो फक्त बोर्ड रंगवणारा पेंटर."

काजलनं तोंडावर हात ठेवला. "कार्ड टेबलावरचं. पेन वहीचं. अन् पत्ता..."

"समोरच्या फलकावरचा. फोन नंबरही आहे तिथे, पण ज्याला बोलता येत नाही त्याला फोनचा काय उपयोग? सहा एप्रिलला महिन्याचा पहिला सोमवार होता. तू गोळ्या आणायला गेलीस, काजल. फाइलवर नाव माझ्याच जुन्या रुग्णालयाचं आहे; त्याच्या फाटकाशी टपालपेटी आहे, मी ती बारा वर्षं रोज पाहिली. त्या दहा मिनिटांत एका हातानं खुर्ची ढकलत हे तिथवर गेले आणि मांडीवरच्या चादरीखालून कार्ड काढून पेटीत टाकलं."

"पण पत्रात पिंकीचं नाव का नाही लिहिलं?" गजभियेंनी विचारलं.

"कारण आपल्या हाती पत्र पडल्यावर आपण काय करू ते यांना माहीत नव्हतं. आणि तुम्ही ते खरंच केंद्रात आणून दाखवलंत, साहेब. ज्या हातून रोज गोळ्या घ्यायच्या, त्या हाताचं नाव लिहिणं सोपं नसतं. तरी हे गप्प बसले नाहीत."

गजभियेंची मान खाली गेली. "मी आधी फोन करून आलो, सकाळी आलो, पत्र दाखवलं. तिन्ही चुका माझ्या. अहवालात तसंच लिहीन."

प्रयागबाई इतका वेळ रुपरावांकडे बघत होत्या. काय झालं ते त्यांना किती कळलं, कुणास ठाऊक. पण त्यांनी आपल्या हातातला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. "घ्या ना भाऊ, प्या," त्या म्हणाल्या. रुपरावांनी दोन घोट घेतले. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. कुणी पुसायला धावलं नाही.

मिनलबाईंनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. रुपरावांची मुलगी चंद्रपूरला असायची. मिनलबाईंनी तिला सगळं सांगितलं. मग फोनवर तिचा ओरडण्याचा आवाज आला, पण आपल्या घरातल्या कुणाला तरी उद्देशून: "अहो, इकडे या! ऐका, माझ्या बाबांनी काय केलं! माझ्या बाबांनी!" रुपरावांचा चेहरा वाकडाच होता, पण त्या वाकड्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून शालिकरामांनी नाक पुसलं.

"तीस वर्षं ठाण्यात बसलो, काकाजी," ते म्हणाले. "हट्टेकट्टे लोक डोयानं पाहून बी फाटकातून परत जात. साक्ष द्याले कोणी तयार नाही. अन् तुम्ही!"

गजभियेंनी जबाबाचा कागद काढला आणि भरू लागले. नाव: रुपराव नारनवरे. वय: एकाहत्तर. 'प्रकरणाशी संबंध' या तिसऱ्या रकान्यात त्यांनी सवयीनं लिहिलं: रुग्ण.

रुपरावांनी दांड्यावर थाप मारली. डावा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

गजभियेंना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी पेन त्या हातात दिलं आणि कागद पाटीवर धरला. रुपरावांनी 'रुग्ण' या शब्दावर सरळ रेघ मारली. शेजारच्या मोकळ्या जागेकडे एक डोळा बारीक करून पाहिलं, अंदाज घेतला, आणि लिहायला लागले. पेन थांबत होतं, हात दमत होता, पुन्हा उचलला जात होता. काजल कागदाची कड धरून उभी होती. घाई कुणालाच नव्हती.

दहा मिनिटं गेली. रुपरावांनी पेन खाली ठेवलं तेव्हा रकान्यात शब्द उभा होता, घोटीव, सारख्या उंचीचा:

तक्रारदार.